पहिली ते तिसरी : वाचन आणि संख्याज्ञानाच्या नोंदी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांत, विशेषतः एकच शिक्षक दोन-दोन, चार-चार वर्ग सांभाळतो तिथे, पुढचे प्रश्न सतत निघतात. उत्तरं पहिली ते तिसरी डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. चौथी-पाचवीत मागे राहिलेल्या लेकरांनाही तीच लागू पडतात.

आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं) मूल्यमापन आहे, संकलित (सत्राअखेरची) चाचणी आहे. मग प्रत्येक मुलाची ही वेगळी नोंद कशाला?

संकलित चाचणीत २० पैकी ९ मिळाले, एवढ्यावरून उद्या सकाळी त्या मुलाला काय शिकवायचं ते कळत नाही. नऊ गुणवाल्या दोघांपैकी एकाला वेलांटीच वाचता येत नसते. दुसरा उतारा छान वाचतो, पण उत्तर लिहायला बसला की हात थांबतो. दोघांना एकच सराव दिला तर एकाचा वेळ नक्की वाया जातो. ही नोंद उद्याच्या तासासाठी आहे, निकालपत्रासाठी नाही.

कुठपर्यंत पोचायचं, याचं काही ठरलेलं माप आहे का?

आहे. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन-लेखन आणि संख्याज्ञान यावं, असं ठरवलं आहे. पहिलीअखेर चार-पाच सोप्या शब्दांची लहान वाक्यं. दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द. तिसरीअखेर किमान ६०, आणि तेही समजून. संख्यांचं वाचन-लेखन पहिलीत ९९ पर्यंत, दुसरीत ९९९ पर्यंत, तिसरीत ९९९९ पर्यंत. ही शेवटची रेषा झाली. मधल्या पायऱ्या वर्गातच पाहाव्या लागतात.

वाचनाचा स्तर कसा ठरवायचा?

प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट हे पाच स्तर आता बहुतेकांना पाठ आहेत. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने २००५ पासून घेतलेल्या 'असर' या शिक्षण सर्वेक्षणामुळे ते रुळले. पाहण्याची रीत मात्र बऱ्याच वर्गांत उलटी चालते. अक्षरांपासून सुरुवात केली की मूल तिथेच दमतं. सुरुवात परिच्छेदापासून करा.

परिच्छेद म्हणजे चार सोपी वाक्यं, जोडाक्षरं नसलेली. उदाहरणार्थ: 'आज सोमवार आहे. गावात बाजार भरला. आई बाजाराला गेली. तिने लाल बोरं आणली.' मुलाने तो वाक्यासारखा, शब्दांचे तुकडे न पाडता वाचला आणि चुका तीनपेक्षा जास्त नसल्या, की सात ते दहा वाक्यांची गोष्ट द्या. तीही जमली तर स्तर 'गोष्ट', नाहीतर 'परिच्छेद'.

परिच्छेद अडला तर शब्दांवर या. कोणतेही पाच शब्द निवडू द्या. चार बरोबर आले की एकदा परत परिच्छेद वाचायला सांगा. पुन्हा अडला तर 'शब्द'. शब्द जमले नाहीत तर पाच अक्षरं. चार ओळखली तर 'अक्षर', नाहीतर 'प्रारंभिक'. मूल जिथे सहज वाचतं तो त्याचा स्तर. ओढूनताणून वाचलेलं धरू नका. पहिल्या झटक्यात लाजून गप्प बसलेल्या लेकराला अजून एक संधी द्यायची, एवढी सवलत ठेवा.

एकेकाला बाजूला, व्हरांड्यात किंवा मागच्या कोपऱ्यात घ्या. शेजारचं पोरगं कुजबुजत असेल तर तो स्तर शेजाऱ्याचा.

पुस्तकातलाच धडा वाचायला दिला तर चालेल?

नाही. दुसरीतली निम्मी मुलं पाठ्यपुस्तकातल्या कविता आणि धडे तोंडपाठ म्हणतात, बोट भलत्याच ओळीवर असतं. शंका आली तर मधलाच एक शब्द झाकून पुढचा वाचायला सांगा, किंवा वाक्य उलट्या क्रमाने दाखवा. तपासणीचा उतारा मुलांनी आधी पाहिलेला नसावा, आणि एकच उतारा वर्षभर वापरू नका. तिसऱ्या फेरीला तो वर्गभर पाठ झालेला असतो. चार-पाच उतारे स्वतः लिहा. बाजार, शेत, बैल, एसटी, पाऊस असे विषय घ्या, म्हणजे शब्दांच्या अर्थापाशी अडचण येत नाही.

मिनिटाला किती शब्द, हे मोजायचं कसं?

साठ-सत्तर शब्दांचा नवा उतारा, मोबाइलवर एका मिनिटाचा गजर. एका मिनिटात वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा करा. मुलाने स्वतःहून लगेच दुरुस्त केलेला शब्द चूक धरू नका. तीन सेकंद अडलं तर शब्द सांगून पुढे न्या आणि तो चुकीत मोजा. उतारा मिनिटाच्या आत संपला तर बरोबर शब्दांना ६० ने गुणून लागलेल्या सेकंदांनी भागा: ४८ शब्दांचा उतारा ४० सेकंदांत, चुका ३, म्हणजे ४५ × ६० ÷ ४०, साधारण ६७.

मराठीत एक गोची आहे. 'शाळेतल्या', 'आजोबांबरोबर' हे एकेकच शब्द. प्रत्यय लागून लांबलेले शब्द ज्या उताऱ्यात जास्त, तिथे तेच मूल हळू दिसतं. म्हणून दोन महिन्यांची तुलना करायची असेल तर उतारे सारख्या बांधणीचे घ्या. आणि वाचून झाल्यावर दोन-तीन प्रश्न विचाराच: 'आईनं काय आणलं?', 'बोरं कशी होती?', 'आई घरी आल्यावर लेकरानं काय केलं असेल?' तिसरं उत्तर उताऱ्यात नाही, ते विचार करून द्यावं लागतं. मिनिटाला ७० शब्द वाचून पहिल्या प्रश्नालाच गप्प बसणारी मुलं दर वर्गात सापडतात. त्यांना वेगाचा सराव देऊन उपयोग नाही.

नुसता स्तर लिहून का भागत नाही?

कारण 'शब्द' स्तरावरची दहा मुलं दहा कारणांनी तिथे अडकलेली असतात. चूक जशी ऐकली तशी लिहा. नेहमी दिसणाऱ्या चुका अशा:

अक्षराची आकृती: भ-म, घ-ध, ब-व, ष-प. ही जोडी समोरासमोर ठेवून सराव द्यावा लागतो. 'घ' वेगळ्या दिवशी आणि 'ध' वेगळ्या दिवशी गिरवून गोंधळ जात नाही.

ऱ्हस्व वेलांटी: ती लिहिली जाते आधी आणि उच्चारली जाते नंतर. त्यामुळे मूल ती मागच्या अक्षराला चिकटवतं. 'रविवार'चं 'रिववार' होतं ते यामुळेच. अशा मुलाला 'नीट बघून वाच' म्हणून काही होत नाही. 'वि' हे एक अक्षर म्हणून बोटाने झाकून-उघडून दाखवा.

जोडाक्षर आणि रफार: 'रस्ता'चं 'रसता' वाचणारं मूल ध्वनी ओळखतंय, त्याला फक्त जोडणं शिकवायचं आहे. 'रता' वाचणारं अर्धं अक्षर बघतच नाही. 'वर्ग' आणि 'ग्रह' यांतला 'र' आधी की नंतर हा गोंधळ तिसरीपर्यंत राहतो, त्याची फार काळजी नको.

अंदाज: पहिलं अक्षर पाहून ओळखीचा शब्द ठोकून देणं. 'बाजार'ला 'बाजरी'. हे मूल हुशार वाटतं आणि म्हणूनच सुटून जातं. त्याला अर्थ नसलेले शब्द द्या, 'बाजाट', 'मुलोर' असे. अंदाज चालत नाही तिथे खरं वाचन दिसतं.

फोड करून न जोडणं: 'गा… वा… त' असं म्हणून थांबणं. अक्षरं येतात, शब्द होत नाही. इथे अक्षरांचा सराव आणखी वाढवणं ही सर्रास होणारी चूक आहे. तोंडी जोडण्याचे खेळ घ्या, पाटीशिवाय.

मूल 'आहे'ला 'हाय' आणि 'गेली होती'ला 'गेल्ती' वाचतं. चूक धरायची?

नाही. त्याने अर्थ पकडला आणि घरच्या बोलीत सांगितला. वाचनातलं हे चांगलं लक्षण आहे. 'पाणी'ला 'पानी' म्हटलं तरी तेच. 'ण' हे सुटं अक्षर ओळखतं का, तेवढं वेगळं पाहून घ्या. 'काय करूलालास' म्हणणाऱ्या मुलाला बोलीवरून टोकलं की ते पुढच्या वेळी मोठ्याने वाचतच नाही, आणि मग तुमच्या नोंदीला काही उरत नाही.

लेखनाची नोंद?

थोडक्यात ठेवा. पाच शब्दांचं श्रुतलेखन आणि मनाने लिहिलेलं एक वाक्य. पहिली-दुसरीत ऱ्हस्व-दीर्घ मोजू नका. तो कागद तारीख घालून फाइलला लावा. तीन महिन्यांचे तीन कागद शेजारी ठेवले की शेरा लिहायची गरजच उरत नाही.

मूल एक ते शंभर घडाघडा म्हणतं. संख्याज्ञान आलं म्हणायचं का?

ते पाठांतर आहे. पाढ्यासारखं. हाताशी चिंचोके घ्या आणि पुढचं पाहा.

बारा चिंचोके विस्कटून ठेवा, मोजायला सांगा. प्रत्येकाला एकदाच हात लागतो का? तोंड पुढे आणि बोट मागे, असं पुष्कळदा होतं. मोजून झाल्यावर विचारा, 'किती आहेत?' जे मूल पुन्हा एकपासून मोजायला लागतं, त्याला शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून, हे अजून कळलेलं नाही. पहिलीच्या सुरुवातीला हे अगदी नेहमीचं. दिवाळीनंतरही तसंच असेल तर रोज लक्ष द्यायला हवं.

मग म्हणा, 'मला आठ दे.' हे मोजण्यापेक्षा अवघड आहे, कारण थांबावं लागतं. मूठभर उचलून देणारी मुलं इथे कळतात.

मग तेच आठ चिंचोके लांब लांब पसरा: 'आता जास्त झाले का?' त्यानंतर सातपासून पुढे मोजणं, दहापासून मागे येणं. सातपासून पुढे मोजता येत नसेल तर ७ + ५ ला ते मूल सगळी बोटं पहिल्यापासून मोजणार.

शेवटी दशक. ज्वारीच्या धाटाचे बोटभर तुकडे, दहाची जुडी रबराने बांधलेली. तीन जुड्या आणि चार सुटे समोर ठेवा. एक, दोन, तीन असं चौतीसपर्यंत मोजणारं, 'दहा, वीस, तीस, एकतीस…' म्हणणारं आणि पाहताच 'चौतीस' म्हणणारं, अशी तीन वेगळी मुलं दिसतील. वहीत लिहायचं ते हे.

चिंचोक्यांऐवजी काय वापरता येईल?

हरभरे, खडे, बाटल्यांची झाकणं, काहीही. सीताफळाच्या बिया मात्र टाळा, बालाघाटात त्या ढिगाने मिळत असल्या तरी. बियांचा गर विषारी आहे आणि डोळ्यात गेला तर इजा होते. तुरीचे दाणे पहिलीला नकोत, नाकात जातात.

पंचवीस सांगितलं की ५२ लिहितात. आळस की आणखी काही?

आळस नाही. मराठीत एकक आधी बोललं जातं, लिहिताना दशक आधी येतं. 'पंच' ऐकलं की हात ५ लिहितो. वर 'एकोण'चा घोळ: 'एकोणतीस'मध्ये 'तीस' ऐकू येतं म्हणून ३९ किंवा ३१. त्यातही ८९ 'एकोणनव्वद' आणि ९९ मात्र 'नव्याण्णव', म्हणजे नियम शिकलेलं मूलही तिथे फसतं.

संख्यालेखन पाहताना संख्या विचारपूर्वक निवडा: २५, ५२, ३६, ६३, २९, ४९, ७६, ८९. ११, २२, ४० या संख्यांतून काहीच कळत नाही. चूक झाल्यावर तीच संख्या जुड्यांनी दाखवायला सांगा. दोन जुड्या आणि पाच सुटे बरोबर मांडले तर समज आहे, गडबड लिहिण्याच्या क्रमात आहे. मांडणीही चुकली तर प्रश्न दशकाचा. दोन्हींचा उपाय वेगळा.

सेमी-इंग्रजीच्या वर्गात (गणित इंग्रजीतून) आणखी एक गुंता: ४ हा आकडा मुलाला इंग्रजी आठसारखा दिसतो. ३-६ आणि १-९ यांची आकृती तर सगळीकडेच उलटते. उलटा लिहिलेला अंक वेगळ्या खुणेने नोंदवा, चुकीच्या उत्तरात मिसळू नका.

पंचवीस म्हणायचं की वीस पाच?

दोन्ही चालवा. 'वीस पाच' ही वाचनाची रीत बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ ला आली आणि तिच्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. वाद बाजूला ठेवला तर अडलेल्या मुलाला तिचा फायदा होतो, कारण बोलणं आणि लिहिणं एका क्रमाने येतं. बाजारात मात्र पंचवीसच ऐकू येणार, म्हणून ते नाव सोडू नका.

वजाबाकीत नेमकं काय टिपायचं?

उत्तर नव्हे, रीत. आणि त्यासाठी उदाहरण नीट निवडावं लागतं. ५२ − २७ हे उदाहरण सगळीकडे देतात. ज्याला दशक सुटं करणं माहीतच नाही ते मूल सातातून दोन वजा करून ३५ लिहितं. ज्याने दशक सुटं केलं पण दशकातून एक कमी करायला विसरलं, तेही १२ − ७ = ५ आणि ५ − २ = ३ करून ३५ च लिहितं. दोन वेगळ्या चुका, एकच उत्तर.

त्याऐवजी ४१ − १८ द्या. पहिल्या प्रकारचं मूल ३७ लिहील, दुसरं ३३. बरोबर उत्तर २३. एककातल्या अंकांत पाचाचा फरक असेल तर हा घोटाळा होतो, तेवढं टाळायचं. दोन उदाहरणं द्या, दोन्ही बरोबर आली तरच 'जमली' म्हणा.

वही कशी आखायची?

शंभर पानी वही, एका मुलाला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे भाषा, उजवीकडे गणित. चार रकाने: तारीख, स्तर, काय चुकलं, पुढे काय. भरलेलं पान असं दिसतं:

१२ जुलै – शब्द – 'रविवार'ला 'रिववार', 'किसान'ला 'कसान' – वेलांटीची शब्दपट्टी, रोज ५
२६ जुलै – शब्द – वेलांटी ५ पैकी ४. 'ध'ला 'घ' – घर/धर, घन/धन जोड्या
९ ऑगस्ट – परिच्छेद – गोष्टीत अडखळलं, जोडाक्षरं चुकली – जोडीने वाचन

शेवटचा रकाना रिकामा राहिला तर बाकीचे तीन भरण्यात अर्थ नाही. 'प्रगती चांगली', 'सराव आवश्यक' असले शेरे तिथे लिहू नका.

अठ्ठावीस मुलं, चार वर्ग. वेळ कुठून काढायचा?

भाषेला एका मुलामागे तीन-चार मिनिटं, गणिताला थोडी जास्त. रोज चार मुलं घेतली तर सात दिवसांत अठ्ठावीस होतात. सगळी तपासणी एका दिवसात उरकायचा हट्ट धरला की शेवटच्या दहा मुलांचा स्तर अंदाजाने लिहिला जातो. पूर्ण फेरी जूनअखेर, दिवाळीआधी, जानेवारीत आणि मार्चअखेर. मधल्या काळात फक्त खालच्या तीन स्तरांवरची मुलं दर पंधरा दिवसांनी.

भाषेच्या तासाला इयत्ता विसरून स्तराप्रमाणे तीन गट बसवा. गणिताला गट पुन्हा नव्याने पाडा, कारण वाचनात मागे असलेलं पोरगं हिशेबात पुढे असू शकतं. बापासोबत बाजारात भाजी विकणारी मुलं हमखास असतात. आणि मुलांची नावं लिहिलेला स्तरांचा तक्ता भिंतीवर लावू नका. कोण खालच्या रांगेत आहे, हे गावाला कळायची गरज नाही.

घरची भाषा मराठी नसेल तर?

तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली), देगलूर-बिलोली-धर्माबादेकडे तेलुगू, उमरगा-निलंग्याच्या सीमेला कन्नड, किनवट-माहूरला गोंडी आणि कोलामी, आणि गावोगाव दखनी. अशा मुलाचं संख्याज्ञान आधी घरच्या भाषेत पाहा. 'ओकटी, रेंडु, मूडु' म्हणत बारा वस्तू बरोबर मोजल्या आणि 'किती' ते सांगता आलं, तर संख्या आली आहे. राहिली मराठी नावं. तेलुगूत आणि कन्नडमध्ये एकवीस म्हणताना वीस आधी येतं, त्यामुळे या मुलांना आपलं 'एकवीस' जास्तच उलटं वाटतं. 'वीस एक' त्यांना चटकन पटतं. वाचनाच्या उताऱ्यानंतरचे प्रश्नही घरच्या भाषेत उत्तर देऊ द्या. नोंदीत 'समजलं, मराठीत सांगता आलं नाही' असं स्पष्ट लिहा. वर्गातली मोठी मुलगी दुभाषी म्हणून चालते, फक्त तिने उत्तर सुचवू नये.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचं काय?

बीड, धाराशिव, जालना, परभणीतली अनेक मुलं दिवाळीच्या आसपास जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. जाण्याआधीच्या आठवड्यात त्यांची तपासणी सगळ्यांत आधी उरका. शिक्षण हमी कार्ड (गाव सोडणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळतं ते) देताना त्यासोबत वहीतल्या दोन पानांचा फोटो पालकाच्या मोबाइलवर टाका, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून सुरुवात करता येते. परत आल्यावर जुना स्तर गृहीत धरू नका, नव्याने पाहा. आजीपाशी मागे राहिलेली मुलंही या काळात गैरहजर राहतात. त्यांच्या पानावर हजेरी सोबत लिहा. न आलेल्या मुलाची अधोगती शिकवण्यातली नसते.

वरून मागणी येते, सगळी मुलं वरच्या स्तरावर दाखवा. काय करायचं?

ऑनलाइन भरायचा आकडा आणि वहीतला आकडा वेगळा पडला की पहिला फटका तुम्हालाच बसतो. 'गोष्ट' स्तरावर दाखवलेल्या मुलाला मदतीच्या गटात बसवता येत नाही आणि पुढच्या तपासणीत ते घसरलेलं दिसतं. खरा स्तर भरा आणि शेजारी मागच्या फेरीचा स्तर ठेवा. 'प्रारंभिक'वरून 'शब्द'वर आलेली सहा मुलं केंद्रप्रमुखांपुढे (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे) ठेवली, तर बोलायला काहीतरी राहतं. कोणत्याही पाच मुलांची त्यांच्यासमोर फेरतपासणी करायची तयारी ठेवा.

मूल दोन महिने एकाच स्तरावर आहे. कधी काळजी करायची?

आधी वहीतल्या चुका पाहा. चुका बदलल्या असतील तर मूल सरकतंय, फक्त पायरी मोठी आहे. तीच चूक चार वेळा असेल तर उपाय बदला. त्यानंतर डोळे-कान. पुस्तक नाकाजवळ धरणं, फळ्यावरचं पुढच्या रांगेतून दिसणं आणि मागून न दिसणं, पाठीमागून हळू हाक मारल्यावर न वळणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, तेव्हा अशा मुलांची यादी हातात हवी. बोलायला चुणचुणीत, तोंडी हिशेब पक्का आणि तरी अक्षरं सहा-सहा महिने बसत नाहीत, असं मूल तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना दाखवा. निदान आपण करायचं नाही. वहीची पानं मात्र सोबत द्यायची.

पालकांना काय सांगायचं?

स्तराचं नाव सांगू नका. 'तुमच्या पोरीला वेलांटी वाचता येते, जोडाक्षर अडतं' एवढं सांगा, आणि घरी करण्यासारखं एकच काम द्या. आई शाळा शिकलेली नसली तरी ती रोज दहा भाकरी मोजून घेऊ शकते, त्यातल्या तीन संपल्यावर किती राहिल्या ते विचारू शकते. माता गटाच्या बैठकीत हे करून दाखवायला पाच मिनिटं लागतात.